पितळेचा डबा, जर्मनचा डबा

डॉक्टर नाडी बघायचे, मी रक्त बघायचो आणि झनकलाल टेंभरे आडनाव बघायचे. आमच्या तिघांत सर्वांत लवकर निदान टेंभरेजींचं व्हायचं, कारण रोग्यानं तोंड उघडलं की त्यांचं काम झालेलं असायचं.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी लॅबमध्ये होतो आणि टेंभरेजी कंपाऊंडर. गोळ्यांच्या खिडकीत बसायचे. पांढरा पायजामा, पांढरा सदरा, खिशाला दोन पेन, त्यातला एक चालणारा. चिठ्ठी आत आली की ती वाचण्याआधी प्रश्न ठरलेला, "आडनाव?" ते ऐकलं की डोळे बारीक करून मान हलवायचे. अमुक आडनाव म्हणजे सिकल. तमुक म्हणजे दारू, म्हणजे लिव्हर. ढमुक म्हणजे पित्त, कारण "हे लोक मिरची फार खातेत." एकदा मी विचारलं, "आणि टेंभरेजी, तुमच्या पोवारांत काय असतं?"

"पोवारात काही नसते," ते म्हणाले. "आमी माळव्यातून आलो."

जसं काही माळवा सोडताना पूर्वजांनी सगळे रोग तिथल्याच वेशीवर उतरवून ठेवले होते!

आता त्यांचं सगळंच चुकत होतं असंही नाही, आणि तीच पंचाईत होती. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आमच्या भागात खरोखरच आईबापाकडून लेकरात येतो आणि काही समाजांत जास्त सापडतो. लग्न जुळवताना लोक पत्रिकेच्या आधी सिकलचं कार्ड मागतात, आणि मागावंच. पण एक रोग वंशानं चालतो म्हटल्यावर बाकीचे रोगही वंशानंच चालत असणार, हे टेंभरेजींनी परस्पर ठरवून टाकलं. त्यांना कोणी चुकून 'टेंभुर्णे' म्हटलं, म्हणजे दुसऱ्याच समाजाचं आडनाव लावलं, की संपलंच. "टेंभरे! टेंभरे जी! कान तपासून घ्या आधी!" त्या रोग्याला गोळ्या मिळायच्या, पण त्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर हे विचारायची त्याची हिंमत उरायची नाही.

माझ्या आडनावापाशी मात्र त्यांची विद्या अडली. मी मेश्राम. आमच्याकडे मेश्राम गोंडांत आहेत, बौद्धांत आहेत, शोधले तर आणखीही कुठं सापडतील. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं.

"मेश्राम म्हणजे कोणते मेश्राम?"

"गावाकडचे."

"गाव कोणतं?"

सांगितलं. गावात दोन्ही होते.

"बाबाचं नाव?"

"रामदास." रामदासही दोन्हीकडे असतो.

"देव कोणता मानता जी घरी?"

"ज्याची सरकारी सुटी असते तो."

त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की दोन्ही पेन खिशातून काढून त्यांनी परत खोचले. दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर घटकेत कळलं असतं. पण एवढी विद्या गाठीशी असताना दुसऱ्याला विचारायचं म्हणजे नाक कापून घेणं. मग वर्षानुवर्षं आडून आडून चाललं. माझ्या लग्नाला आले ते मंडपात बुद्धवंदना म्हणतात का ते ऐकायला, आणि आले उशिरा, पंगत बसल्यावर. आई वारली तेव्हा भेटायला आले, खरोखर डोळ्यांत पाणी घेऊन आले, आणि जाताना हळूच म्हणाले, "जाळली का पुरली?" गोंडांत पुरायची चाल आहे ना! असा माणूस! मीही वस्ताद. कधी सांगितलं नाही.

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तेही जमत नाही. आमच्याकडच्या प्रतापगडला महाशिवरात्रीच्या जत्रेत महादेवाला जायचे आणि उतरताना दर्ग्यावरही डोकं टेकवायचे. देवाची जात त्यांनी कधी विचारली नाही, तो त्रास फक्त माणसांना. पावसात सायकल खांद्यावर घेऊन धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून ते कोणाच्याही घरी सुई द्यायला जात. आणि हात! सुई गेली कधी, आली कधी, कळायचं नाही. आमच्याकडे गोळीवर कोणाचा विश्वास नसतो. गोळी दिली म्हणजे डॉक्टरनं टाळलं, सुई दिली म्हणजे इलाज केला. इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याला सुटलं, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की टेंभरेजींच्या अंगणात सकाळी सकाळी बायामाणसांची रांग लागायची. दिवसभर चिखलात वाकून कंबर धरलेली असायची, अंग मोडून आलेलं असायचं. "ताकदीची सुई द्या जी." ताकदीची म्हणजे जीवनसत्त्वाची लाल सुई. तिनं ताकद येवो न येवो, बाई उठून बांधीत जायची.

त्या काळात काचेची सिरिंज असायची. टेंभरेजींकडे सिरिंज-सुयांचे दोन डबे होते. एक पितळेचा, घासून पुसून लखलखीत. दुसरा जर्मनचा, म्हणजे आमच्याकडे ॲल्युमिनियमला म्हणतात तो, पोचे गेलेला. पितळेचा डबा त्यांच्या समाजाच्या माणसांसाठी. जर्मनचा डबा बाकीच्या जगासाठी. कोणी काही बोलायचं नाही. चहाच्या कपांतही हीच व्यवस्था होती, तर सुईत काय मोठं!

मला मलेरिया झाला तेव्हा मीही त्या अंगणात बसलो. माझी पाळी आली तसा जर्मनचा डबा चुलीवर चढला. पाणी उकळतंय, सुया खडखडतायत, आणि टेंभरेजी काही तो उतरवेनात. माझे दात थंडीनं वाजत होते.

"झालं ना टेंभरेजी, किती उकळता?"

"काय भरवसा बाप्पा," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "कोणाकोणाच्या अंगात गेलेली असते."

माझ्यानंतर त्यांचे चुलतभाऊ आले. त्यांच्यासाठी पितळेचा डबा उघडला, सिरिंज कोमट पाण्यातून खळबळली आणि टोचली. मी म्हणालो, "ही नाही उकळली?"

"आपलंच रक्त, आपल्यालेच," ते म्हणाले. "तिले कायले उकळा लागते?"

एक गंमत सांगायची राहिली. गावाला सुया टोचणारा हा माणूस स्वतः सुईला भयंकर भ्यायचा. ताप आला की काढा प्यायचे, पिंपळपानासारखे थरथरायचे, पण सुई नाही. सरकारी लस टोचायचा दिवस आला की टेंभरेजी नेमके धानाच्या पाण्याला गेलेले असायचे. कौसल्याकाकी, म्हणजे त्यांची बायको, सगळ्यांसमोर म्हणायची, "दुसऱ्याच्या ढुंगणावर मोठे शूर आहेत!"

त्यांचा धाकटा भाऊ सुखलाल. दोघांचा एकमेकांवर भारी जीव. सुखलाल ट्रॅक्टरखाली आला, मांडी फाटली, नागपूरला नेऊन रक्त चढवावं लागलं. टेंभरेजींनी तिथं रक्तपेढीच्या खिडकीत विचारलं म्हणे, "हे रक्त कोणाचं आहे जी?" आतला माणूस वैतागून म्हणाला, "बाटलीवर ग्रुप लिहिला आहे काका, आडनाव नाही लिहीत." हा किस्सा टेंभरेजी स्वतःच सांगायचे, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. सुखलाल वाचला. घरी आल्यावर कितीतरी दिवस त्याला सकाळ-संध्याकाळ सुया होत्या. त्या भावानंच दिल्या. पितळेच्या डब्यातून, अर्थातच.

पुढं बऱ्याच वर्षांनी सुखलालचं पोट फुगायला लागलं. डोळे पिवळे, पाय सुजलेले. लिव्हर गेलं म्हणाले. आता लिव्हर म्हणजे दारू, हे टेंभरेजींच्या शास्त्रातलं पहिलं कलम. सुखलाल दारूच्या वाटेला न जाणारा माणूस. मोहफुलाचा वास आला तरी रस्ता बदलायचा. तो हात जोडून सांगत राहिला, "भाऊ, नाही घेत जी मी." पण शास्त्र म्हणजे शास्त्र! टेंभरेजी म्हणाले, "चोरून घेत असशीन." आणि बोलणं टाकलं. ज्या भावासाठी नागपूरच्या फरशीवर झोपले होते त्याच्या खाटेपाशी शेवटी शेवटी गेले नाहीत. सुखलाल गेला. त्याची बायको आधीच वारलेली, मागं लहान पोरगी पौर्णिमा. तिला टेंभरेजींनी घरी आणून पोटच्या पोरीसारखं वाढवलं. पण घरात तिच्या बापाचं नाव निघालं की एकच वाक्य असायचं, "दारूनं गेला." पोरगी मान खाली घालून ऐकायची. मला त्यांचा राग याच गोष्टीचा यायचा, बाकी सगळं मी हसण्यावारी नेलं.

टेंभरेजी निवृत्त झाले. काचेच्या सिरिंजा गेल्या, पाकिटातल्या आल्या. आणि अलीकडे आमच्या दवाखान्यात 'हिपॅटायटिस सी'ची तपासणी सुरू झाली. हीही एक कावीळच, पण मुखदुर्बळ. रक्तातून रक्तात जाते, वर्षानुवर्षं लिव्हर पोखरते आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. हल्ली तिच्यावर गोळ्या आहेत, फुकट मिळतात, तीन महिने घेतल्या की बहुतेक माणसं बरी होतात. पण आधी सापडायला तर हवी.

टेंभरेजींच्या गावात शिबिर लावलं आणि पट्टीवर दोन रेघा उमटायला लागल्या. ज्याला रोग त्याची दुसरी रेघ. एक, दोन, मग रांगेनं. बहुतेक सगळे एकाच समाजाचे, म्हणजे पोवार, आणि बहुतेक उतारवयाचे. कौसल्याकाकीचीही रेघ उमटली. गोंडटोलीत जवळपास काही नाही, बौद्धवाड्यात नाही, कुणबी आळीत तुरळक. खुद्द टेंभरेजी तपासायला आलेच नाहीत. "आमच्यात नसते," म्हणाले आणि सुई बघून घरी गेले.

शहरातून एक तरुण डॉक्टर आले होते. त्यांनी लॅपटॉपवर समाजवार रंगीत खांब काढले आणि ग्रामपंचायतीत बसून जाहीर केलं, "विशिष्ट समाजात प्रमाण लक्षणीय आहे. वांशिक कारण असू शकतं. अभ्यास व्हायला हवा." धन्य! एवढं शिकून ते जिथं पोचले तिथं टेंभरेजी गोळ्यांच्या खिडकीत बसून कधीच पोचले होते.

झालं. रोग कोणाला ही गोष्ट दवाखान्याबाहेर जायला नको असते, पण खांबाचा रंग गावानं बघितला होता. संध्याकाळपर्यंत त्याचं नावच 'पोवारांचा रोग' पडलं. ज्यांना टेंभरेजींनी जन्मभर आडनावावरून रोग वाटले होते त्यांना काय आयतं कोलीत मिळालं! पानठेल्यावर एक म्हातारा त्यांना म्हणाला, "काऊन जी टेंभरेजी, माळव्यातून हेच आणलं का?" मला वाटलं आता भडकतील. भडकले नाहीत. सायकल फिरवली आणि सरळ माझ्या लॅबमध्ये आले.

स्टुलावर बसले.  मग म्हणाले, "मेश्राम, तुह्यात निघालं का?"

"नाही."

"तू तर कितीदा सुया घेतल्या माह्याकडून."

"घेतल्या ना."

"तुले मी जर्मनच्या डब्यातली देत होतो."

"हो."

"उकळून."

"चांगली खडखड उकळून, टेंभरेजी. मी थंडीनं मरत होतो तरी उकळत होता तुम्ही."

त्यांनी खिशातले पेन काढले, हातात फिरवले. "सुखलालले नागपूरले रक्त चढवलं होतं," ते म्हणाले. "तवा हे तपासत नव्हते ना?"

"नव्हते."

"अन् आल्यावर सुया मी देल्ल्या. मग त्याच सुया..." ते थांबले. मला टोमणा मारता आला नाही. पहिल्यांदाच. माझं रक्त साफ राहिलं ते या माणसानं मला परकं मानलं म्हणून, आणि काकीचं नासलं ते तिला आपलं मानलं म्हणून! याला हसावं की रडावं? उठता उठता त्यांनी हात पुढं केला, डोळे गच्च मिटले आणि म्हणाले, "घे. माहं बी तपास." मी बोटातून थेंब काढला. एकच रेघ उमटली. ज्यानं कधी सुई घेतली नाही त्याला होणार कुठून? ती एक रेघ बघून ते जसे खचले तसं दोन रेघांवाला कोणी खचलेला मी बघितला नाही.

आणि नेमकं त्याच दिवसांत पौर्णिमाचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा गोंदियाजवळच्या फुलचूरचा, त्यांच्याच समाजातला, पोरीलाही पसंत. साक्षगंधाची तारीख धरायला पाहुणे आले. पौर्णिमाची तपासणी झाली होती, तिच्यात काही नव्हतं. ते पाहुण्यांना समजावून सांगायला टेंभरेजींनी मला बोलावलं होतं. अंगणात सतरंज्या, गावातली वडीलधारी मंडळी, पोह्यांच्या बश्या. मुलाच्या काकांनी घसा साफ केला.

"मुलीचा रिपोर्ट चांगला आहे, मान्य. सिकलचं कार्डही पाहिलं. पण तुमच्या गावच्या आपल्या लोकांचं रक्तच तसं आहे म्हणतात. मुलीचे वडीलही लिव्हरनंच गेले. उद्या लेकराबाळांत उतरलं तर?"

मी सांगायला लागलो की हे असं वंशातून उतरत नाही. पण लॅबवाल्या मेश्रामचं कोण ऐकतं! तेवढ्यात समाजाचे एक जाणते टेंभरेजींच्या कानाशी लागले. कुजबुज अशी की शेवटच्या सतरंजीवर ऐकू यावी, "सांगून टाका ना, दारूनं गेला म्हणून. दारू काही रक्तात उतरत नाही. बात खतम."

किती सोपं होतं! जे वाक्य टेंभरेजी इतकी वर्षं म्हणत आले होते तेच एकदा आणखी म्हणायचं. पोरीचं लग्न वाचलं असतं, समाजाचं नाव वाचलं असतं आणि त्यांचं स्वतःचंही. दारात पौर्णिमा उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. ती त्यांच्याकडेच बघत होती.

टेंभरेजी उठून आत गेले. मला वाटलं, पळाले. भांड्यांची आदळआपट झाली आणि ते बाहेर आले तेव्हा हातात दोन्ही डबे होते. त्यांनी ते सतरंजीवर ठेवले.

"सुखलालनं दारूचा थेंब घेतला नाही," ते म्हणाले. "त्याले नागपूरच्या रक्तातून झालं. अन् त्याच्यातून बाकीच्यायले मी देल्लं. माह्या हातानं. या पितळेच्या डब्यातून. दुसऱ्यायची सुई उकळत होतो, आपली नाही उकळली. आपलं रक्त साफ म्हणून. रक्ताचा दोष नाही हा. माह्या मस्तीचा आहे."

 ज्यांच्या दोन रेघा आल्या होत्या त्यातले दोघेजण तिथंच बसलेले होते. एकानं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि चपला न शोधताच निघून गेला. दुसरा टेंभरेजींना आईबहिणीवरून शिव्या द्यायला लागला. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मुलाच्या काकांनी मात्र आपला मुद्दा सोडला नाही. त्यांनी मलाच विचारलं, "म्हणजे वंशात नाही ना?" मी म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "मग चहा येऊ द्या." वा रे पाहुणे! गावाचं लिव्हर जाऊ दे, खानदान साफ निघालं म्हणजे झालं!

चहा आला नाही. पौर्णिमानं ट्रे उंबऱ्यावर ठेवला होता. ती येऊन टेंभरेजींसमोर बसली.

"मोठेबाबा, माहे बाबा पीत नव्हते?"

"नाही वं पोरी. कधीच नाही."

"मग तुम्ही त्यायले भेटाले काऊन नाही गेले?"

 एवढा मोठा माणूस भर अंगणात पाहुण्यांसमोर हमसून हमसून रडला. पौर्णिमानं त्यांचे डोळे पुसले नाहीत. पण उठूनही गेली नाही.

लग्न झालं. कौसल्याकाकी गोळ्या घेऊन बरी झाली, पण तीन महिने नवऱ्याशी बोलली नाही. "तुमचंच माणूस म्हणून मारत होते का मले?" एवढं एकदा म्हणाली, बस. टेंभरेजी घरोघर जाऊन लोकांना तपासायला आणायचे. काही दारं तोंडावर बंद झाली, काही घरांत उशीर होऊन गेला होता. तरी दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन हजर. पुढं पुढं दवाखान्याच्या बाकावर बसून राहायला लागले, कोणी बोलावलेलं नसताना. सिस्टरनं सुई काढली की ओरडायचे, "पाकीट समोर फाड वं बाई, दिसू दे सगळ्यायले." सिस्टर त्यांना जाम वैतागल्या होत्या.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते तिथंच. बदलीचा कागद घेऊन निरोप घ्यायला गेलो तर टेंभरेजी रांगेत! कुत्रं चावलं होतं. आता काढा चालणार नव्हता. तोंड पांढरंफटक, सदऱ्याची बाही वर केलेली. मी जवळ बसलो तसा त्यांनी माझा हात असा पकडला की अंगठी बोटात रुतली. सिस्टरनं पाकीट त्यांच्या नाकासमोर फाडलं. त्यांनी डोळे मिटले.

मला काय लहर आली कोण जाणे. म्हणालो, "टेंभरेजी, मी आता चाललो. कोणते मेश्राम, सांगून टाकू का?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"नको बाप्पा," ते म्हणाले. "सुई टोचली का ते सांग."

सिस्टर कधीच पुढच्या माणसाकडे गेल्या होत्या. मी म्हणालो, "नाही अजून." आणि हात तसाच राहू दिला.